म्येतेकचा उजवा हात

शिकागो शहरात, मिलवॉकी अव्हेन्यूवर, गार्बर यांचे नळसामानाचे दुकान आहे. सकाळी सहाला तिथे प्लंबर मंडळी जमतात. कुणाच्या हातात गळका व्हॉल्व्ह, कुणाच्या हातात कॉफीचा पेला, आणि तक्रार मात्र सगळ्यांच्याच तोंडी. ती ऐकून घ्यायला काउंटरमागे हलीना व्रोबेल उभी असते. वय एकोणचाळीस, बांधा ठेंगणा, खांदे रुंद, चष्मा नेहमी कपाळावर. सोळा वर्षे ती तिथे उभी आहे. आणि गेली नऊ वर्षे ती एकटी उभी नाही. तिच्या उजव्या हातावर म्येतेक असतो, तिचा बाहुला.

म्येतेक म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. पाइपांवर गुंडाळतात त्या पिवळ्या फोमचे त्याचे डोके. घासणीच्या ब्रशाच्या केसांची मिशी. बाटल्यांची पांढरी झाकणे म्हणजे डोळे. अंगात दोन मोकळ्या बाह्यांचा सदरा, म्हणजे खेळणाऱ्याचा हात तोच बाहुल्याचा हात. आणि डोक्यावर, कानांपर्यंत ओढलेली, एक खरीखुरी लोकरी टोपी. बाकी सगळे हलीनाने दुकानातल्या टाकाऊ मालातून जमवले. टोपी मात्र तिच्या वडिलांची. काझिक व्रोबेल यांनी जन्मभर शिकागोच्या तळघरांत नळ जोडले आणि एका फेब्रुवारीत, कुणालाही त्रास न देता, निघून गेले.

"हॅल, हा कालचा व्हॉल्व्ह बघ," ड्यूली नावाचा लालबुंद प्लंबर काउंटरवर माल आपटून म्हणायचा. "रात्रभर गळला. बदलून दे."

हलीना काही बोलायची नाही. म्येतेकच वाकून व्हॉल्व्ह न्याहाळायचा. "ड्यूली, गाढवा! बाळा, याच्यावर एक बाण काढलाय, दिसतो?"

"दिसतो."

"पाणी कुठं जातं ते सांगतो तो बाण. तू उलटा बसवलायस. आता बायकोला सांग, की घरात सगळ्यात हुशार तो बाणच आहे."

मग काय सांगावे त्या हसण्याचे! थिजलेल्या सकाळी भट्टीचे दार उघडावे तसे ते हसू दुकानभर पसरायचे. ड्यूलीच सगळ्यांत मोठ्याने हसायचा, आणि नवा व्हॉल्व्ह न घेता जुनाच खिशात घालून निघायचा. गार्बर आतल्या खोलीतून ओरडायचे, "म्येतेक, तू माझा धंदा बुडवणार!" म्येतेक टोपी किंचित उचलून त्यांना नमस्कार करायचा.

पण हलीनाला काउंटर पुरत नव्हता. शहराच्या उत्तरेला एका जुन्या लाँड्रीत 'थर्ड एल्बो' नावाची मंडळी दर शनिवारी बाहुल्यांचा खेळ करीत. लिहिलेले नाटक नाही, ठरलेले संवाद नाहीत. प्रेक्षकाने एक शब्द ओरडायचा आणि त्या शब्दातून बाहुल्यांनी तिथल्या तिथे संसार उभा करायचा. काझिक गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात हलीना त्यांना तिथे घेऊन गेली होती. जन्मात कधी मोठ्याने न हसलेला तो माणूस त्या दिवशी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून हसला. एकदाच. त्या एका थापेने लेकीच्या मनात जो दिवा लावला, तो पुढे विझला नाही. बाहुल्या जिच्यावर नाचतात त्या फळीमागे आपणही उभे राहावे, एवढेच तिने मागितले. दुसरे मागणे नव्हते.

मागणे सोपे, साधना अवघड. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात वर्ग भरायचा. तिथला पहिला धडा दोन शब्दांचा: हो, आणि. समोरचा म्हणाला की आपण चंद्रावर आहोत, तर तू म्हणायचे, हो, आणि माझा जेवणाचा डबा खालीच राहिला. नाही म्हणायचे नाही. समोरच्याने दिले ते ओंजळीत घ्यायचे आणि त्यात आपली चिमूट घालून परत द्यायचे. बाहुलीचे धडे निराळे. तोंड उघडताना वरची बोटे उचलायची नाहीत, अंगठा खाली पाडायचा. नाहीतर प्रत्येक शब्दाला बाहुलीचे टाळके मागे उडते. बोलावे बाहुलीने, आणि खेळणाऱ्याने असे नाहीसे व्हावे की आपण तिथे आहोत हे त्याला स्वतःलाही आठवू नये.

हे शेवटचे हलीनाला जमत नव्हते. एल्बोने तिला तीनदा पारखले आणि तीनदा परत पाठवले. पहिल्यांदा अंगठा चुकला. दुसऱ्यांदा बसमध्ये बसून तिने चाळीस विनोद पाठ केले होते आणि एकेक करून सगळे म्हणून दाखवले. मंडळींची प्रमुख रोवेना प्रुइट ही साठीची, काटकुळी बाई. आल्याची गोळी चघळत सगळे ऐकायची. ती म्हणाली, "हे सगळं तू घरून बांधून आणलंस. इथे आल्यावर तुला काय सापडलं?" तिसऱ्यांदा खेळाच्या मध्यावर म्येतेकची मिशी गळून पडली, आणि हलीना स्वतःच्या आवाजात "सॉरी" म्हणाली. बाहुलीच्या तोंडून माणूस माफी मागतो तेव्हा खेळ तिथेच संपतो. तिचाही संपला.

दुमजली घरात खाली आई राहायची, वर हलीना. रविवारी दोघी खाली जेवायच्या. आईचे नाव स्तेफानिया. जिभेला धार, हाताला चव.

"हालिंका, सूप घे. त्या मोज्याला पण वाढू का?"

"आई, तो मोजा नाही. बाबा आहेत ते."

"हा तुझा बाप?" स्तेफानिया पिएरोगीची, त्या पोलिश करंजीची, कड चिमटीत दाबत म्हणायची. "तुझा बाप चाळीस वर्षांत बोलला नाही एवढं हा एका जेवणात बोलतो. असा नवरा असता तर मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माहेरी गेले असते."

हलीना हसायची. पण ते बोलणे कुठेतरी कुसळासारखे रुतून राहायचे.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एल्बोत एक जागा रिकामी झाली. त्याच आठवड्यात गार्बर यांनी तिला आतल्या खोलीत बोलावले.

"शहराबाहेर नाइल्सला दुसरं दुकान काढतोय, हॅल. तू सांभाळ. दाराच्या काचेवर तुझं नाव लिहू."

"शनिवारी?"

"शनिवारीच तर लोकांचे नळ फुटतात." म्हातारा तिच्याकडे मायेने बघत राहिला. "मी तुला बांधून घालत नाही, पोरी. पण मला सोमवारी कळायला हवं."

रविवारी परीक्षा, सोमवारी उत्तर. चाळिशी एप्रिलमध्ये. हलीनाने मनाशी ठरवले, ही चौथी वेळ शेवटची. यावेळीही परत पाठवले तर म्येतेकला काउंटरवर ठेवायचे, शनिवार नळांना द्यायचे, आणि त्या लाँड्रीच्या रस्त्याने पुन्हा जायचे नाही.

रविवारी दुपारी लाँड्रीत अकरा जण जमले. पहिल्या फेरीत पाच गेले, दुसऱ्या फेरीत चार. उरले दोघे: हलीना आणि डेसमंड ओक्स नावाचा एक धिप्पाड गृहस्थ. तो दक्षिण भागातल्या एका अंत्यविधीगृहात कामाला. तिथूनच तडक आलेला, म्हणून अंगात काळा सूट, काळा टाय, आणि हातावर गुलाबी हॅट घातलेली त्याची बाहुली, सिस्टर पर्ल.

"कितवी वेळ ही तुझी?" त्याने बाकावर बसत विचारले. आवाज असा खोल, की बाक किंचित थरथरला.

"चौथी. तुमची?"

"सहावी." डेसमंडने हॅटवरची धूळ झटकली. "बावीस वर्षं लोक माझ्यासमोर येऊन रडतायत, बाई. रुमालांचा खोका धरून उभं राहायचं, हेच माझं काम. मरायच्या आधी एकदा तरी असं व्हावं, की सगळं घर माझ्यासमोर बसलंय आणि कुणालाच रुमाल लागत नाहीये."

"हसून हसून लागला तर?"

"तर खोका आहेच गाडीत."

हलीनाला तो फार आवडला. आणि जागा एकच आहे हे आठवून फार वाईटही वाटले. तेवढ्यात रोवेनाने दोघांना फळीमागे बोलावले.

फळी छातीएवढ्या उंचीची. तिच्यावर दिसेल ते जग, तिच्याखाली राहील ते गुपित. रोवेनाने एक गोळी तोंडात टाकली. "शेवटची फेरी. बाहुली एकच. म्येतेक. डोकं आणि डावा हात डेसमंड घेईल. हलीना, तू उजवा हात."

ही त्या लोकांची जुनी रीत. एका बाहुलीला दोन माणसे लागतात. मुख्य खेळणाऱ्याचा एक हात डोक्यात, दुसरा बाहुलीच्या डाव्या हातात. मग उजवा हात रिकामा लोंबतो. तो भरायला दुसरा माणूस त्याला बिलगून उभा राहतो. स्वतःचा उजवा हात बाहुलीच्या बाहीत घालायचा, डावा तळवा मुख्य खेळणाऱ्याच्या पाठीवर ठेवायचा, आणि त्याच्या श्वासावरून ओळखायचे की आता काय होणार. उजव्या हाताने बोलायचे नाही. कधीच नाही. या विद्येत सगळे नवशिके तिथूनच सुरुवात करतात, आणि थोडेच तिथे आनंदाने राहतात.

"पण म्येतेक माझा आहे," हलीना म्हणाली.

"म्हणूनच," रोवेना म्हणाली.

हलीनाने टोपीवरून एकदा हात फिरवला आणि बाहुला डेसमंडच्या हातात दिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या डोक्यात दुसऱ्याची बोटे गेली. तिला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे दारात उभे राहिल्यागत वाटले.

खेळापूर्वी या मंडळींत एकमेकांच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, तुझी पाठ मी राखतो. डेसमंडने तिच्या पाठीवर भरघोस थाप दिली. "तुझी पाठ मी राखतो, बाई."

"हं, मीही," हलीना म्हणाली, आणि तापलेल्या पाइपाला लावावीत तशी दोन बोटे त्याच्या कोटाला लावून चटकन काढून घेतली.

समोर एल्बोची मंडळी खुर्च्यांवर बसली होती. "शब्द द्या," रोवेना म्हणाली.

"खुर्ची!" कुणीतरी ओरडले. "बर्फातली!"

सगळे खुदकन हसले. बाहेर दीड फूट बर्फ होता. शिकागोत ज्याने फावड्याने बर्फ उपसून आपल्या गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याने तिथे एक मोडकी खुर्ची आणून ठेवावी आणि ती जागा आपली मानावी. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. पण तो मोडणाऱ्याच्या काचेवर सकाळी अंडी फुटलेली दिसतात. कुणीतरी फळीच्या कडेवर बाहुलीची एक चिमुकली खुर्ची आणून ठेवली.

म्येतेक वर आला. त्याने खुर्चीकडे पाहिले, मग रस्त्याकडे. आणि बोलला तो डेसमंडच्या आवाजात. संथ, भारदस्त, दफनभूमीवर बोलावे तसा.

"बंधूंनो. या जागेवर मी दोन तास फावडं चालवलं."

बंधूंनो! म्येतेक कुणाला बंधू म्हणत नाही. म्येतेक माणसाला आधी गाढव म्हणतो, मग बाळा.

"काल कुणीतरी माझी पहिली खुर्ची नेली," डेसमंडचा म्येतेक म्हणाला. "मी या दुसऱ्या खुर्चीच्या साक्षीनं सांगतो, की ज्यानं ती नेली, त्याला मी मनापासून क्षमा..."

"क्षमा? कसली क्षमा? फावडं कुठंय माझं!"

शब्द सुटून गेले तेव्हा हलीनाला कळले की ते तिच्या तोंडून गेले. म्येतेकच्या आवाजात. नऊ वर्षांची सवय. जीभ विचारायला थांबलीच नाही. पण म्येतेकचे डोके तिच्याकडे नव्हते. तिच्याकडे होता हात.

उजवा हात बोलला होता.

रोवेनाच्या तोंडातली गोळी थांबली. हलीना फळीखाली आणखी वाकली. माफीचा शब्द ओठांपर्यंत आला, मागच्या वेळेसारखा, आणि आता तो बाहेर पडणार तोच वरती काहीतरी हलले.

डेसमंडने म्येतेकचे डोके हळू, फार हळू वळवले. म्येतेक आपल्याच उजव्या हाताकडे बघू लागला.

"तू," तो म्हणाला, "बोललास?"

पहिले हसू कुठूनतरी फुटले. आणि हलीनाला उमगले की ही दोन शब्दांची विद्या आपण नऊ वर्षे तोंडपाठ केली, पण पाळली ती या माणसाने. तिची चूक त्याने ओंजळीत घेतली होती. हो, हात बोलला. आणि?

तिने डोळे मिटले. मघाशी काढून घेतलेला डावा तळवा आता त्याच्या पाठीवर ठेवला, पूर्ण, सपाट, जसा आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा. काळ्या कोटाखाली श्वास वर जात होता, खाली येत होता. त्यालाही भीती वाटत होती. एवढा मोठा माणूस, आणि त्याचे काळीज चिमणीसारखे धडधडत होते! तिचा राग त्या धडधडीत विरघळला, आणि रागाबरोबर हलीना व्रोबेलही विरघळली. तिथे उरला फक्त हात.

हात शरमला. बोटे मिटत मिटत म्येतेकच्या पाठीमागे जाऊन लपला.

"अरे, लपतोस काय?" म्येतेक म्हणाला. "चाळीस वर्षं माझ्या खांद्याला लटकतोयस. कधी एक शब्द नाही. लग्नात नाही, बारशात नाही. आणि आज, चार लोकांत? बाहेर ये."

एक बोट बाहेर आले. मग दुसरे. मंडळी खुर्च्यांच्या कडेला सरकली. हाताला काय करावे सुचेना. सुचेना म्हणून तो वर गेला, टोपीची मागची कड त्याने किंचित उचलली, आणि एका बोटाने मानेवर, अगदी सावकाश, खाजवले. हे हलीनाने ठरवले नव्हते. काझिक व्रोबेल अडचणीत सापडले की असेच करायचे. तळघरात पाणी भरले की, लेकीने परीक्षेला दांडी मारली की, डॉक्टरांनी शेवटच्या आजाराचा कागद पुढे केला तेव्हाही.

डेसमंडला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याचा श्वास क्षणभर थांबला, आणि म्येतेकचे डोके त्या बोटाकडे असे कलले, जसे दमलेले माणूस उशीकडे कलते.

"फावडं तू चालवलंस, नाही का?" म्येतेक हळूच म्हणाला. "मी नुसताच वरून ओरडत होतो."

हाताने मिशीवरचा बर्फ झटकला. होकारच तो.

"आणि क्षमा मात्र मी वाटत सुटलो. तुला न विचारता." म्येतेकने खुर्चीकडे पाहिले. "बरं बाबा. ही बघ, एक गाडी येतेय. दमलेली दिसतेय. आता तूच सांग. जागा द्यायची का?"

हात हवेत तसाच थांबला. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. हलीनाच्या तळव्याखाली डेसमंडचा श्वास वाट बघत होता. ढकलत नव्हता, ओढत नव्हता, नुसता वाट बघत होता. मग हाताने चिमुकली खुर्ची दोन बोटांत उचलली आणि बाजूला ठेवली. तो रस्त्याकडे वळला. ये, ये, अजून ये, जरा डावीकडे, ये, बस! तळवा ताठ उभा राहिला. आणि येऊन थांबलेल्या त्या न दिसणाऱ्या गाडीच्या टपावर त्याने दोनदा थोपटले.

"थांबा," रोवेना म्हणाली.

दोघे फळीमागून बाहेर आले तेव्हा समोर कुणी डोळे पुसत होते, कुणी पोट धरून बसले होते. रोवेना उठली.

"उजवा हात बोलत नसतो," ती हलीनाला म्हणाली.

"माहीत आहे."

"पुन्हा बोलला तर घरी पाठवीन." तिने नवी गोळी सोलली. "आता ऐका. माझ्याकडे जागा एक आहे, ती एका बाहुल्याची. मी म्येतेकला घेते. डोकं डेसमंडचं, उजवा हात तुझा. अदलाबदल नाही, या वर्षी तुझी पाळी, पुढच्या वर्षी माझी, तसलं काही नाही. दोघं मिळून याल तर या. एकेकटे मला नकोत. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा."

बाहेर, बर्फात, डेसमंडने सिस्टर पर्लची हॅट काढून कोटाच्या आत, छातीशी ठेवली.

"पर्लला मी पेटीत ठेवायला तयार आहे," तो म्हणाला. "तिला सवय आहे, माझ्या धंद्यात सगळेच शेवटी पेटीत जातात. पण तो तुझा बाप आहे, बाई. तू नाही म्हणालीस तर मी राग धरणार नाही. थोडा धरीन. मंगळवारपर्यंत."

हलीना हसली, आणि उत्तर उद्यावर ठेवून घरी निघाली. संध्याकाळी आईच्या सुपात ती नुसताच चमचा फिरवत राहिली. मिळाले तेच, जे मागितले होते. पण मागे एक अट उभी होती. ज्या तोंडाने ती नऊ वर्षे बोलली, ते तोंड द्यायचे. काउंटरवर राहिली तर म्येतेक पुरता तिचा. फळीमागे गेली तर त्याचा एकच हात तिचा.

सोमवारी सकाळी सहाला ड्यूली आला. "हॅल, हा व्हॉल्व्ह बघ. बाण सरळ बसवला, तरी गळतोय. आता काय म्हणतो तुझा म्हातारा?"

हलीनाने म्येतेकला वर केले. म्येतेक वाकला. त्याने व्हॉल्व्ह न्याहाळला, तोंड उघडले. आणि गप्प राहिला. विनोद सुचला नाही असे नव्हते. सुचला होता, तयार होता, चांगलाही होता. पण तो काय आहे हे तिला आधीच माहीत होते. नऊ वर्षे म्येतेक काय बोलणार हे तिला नेहमीच आधी माहीत असायचे. आणि काल, पहिल्यांदाच, माहीत नव्हते. काल तिने त्या माणसाच्या पाठीला तळवा लावून, कान देऊन, जीव एकवटून वाट पाहिली होती, की हा आता काय म्हणेल. ऐकण्यात एवढे सुख असते हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"काय गं, मेला की काय हा?" ड्यूली म्हणाला.

"नाही," हलीना स्वतःच्या आवाजात म्हणाली. "त्याला आता माणूस मिळालाय." आणि तिने फोन उचलला. पलीकडे खोल आवाज आला तशी ती एवढेच बोलली, "पर्लला पेटीत ठेवा. पण झाकणाला खिळे ठोकू नका."

मग ती आतल्या खोलीत गेली. "शनिवार नको, मिस्टर गार्बर."

म्हाताऱ्याने चष्मा पुसला. "वाटलंच होतं. काचेवर तुझं नाव लिहायला अक्षरंही फार लागली असती." आणि ती दाराशी पोचली तेव्हा पाठीमागून म्हणाले, "काउंटर मात्र सोडू नकोस हं. आणि आम्हाला पुढच्या रांगेत बसव. मला लांबचं दिसत नाही."

एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपारी चारला, लाँड्रीत पुढच्या रांगेत सात प्लंबर बसले होते, सगळे धुतलेल्या शर्टांत, भांगात पाणी लावून. त्यांच्या मागे स्तेफानिया, तिच्या ठेवणीतल्या निळ्या कोटात. फळीमागे डेसमंडने हलीनाच्या पाठीवर थाप दिली, आणि हलीनाने त्याच्या पाठीवर अशी दिली की तो खोकला. मग तिने तळवा तिथेच ठेवला. पाऊण तास म्येतेक बोलला, बरळला, गायला, एकदा एका परिचारिकेच्या प्रेमात पडून बाहेर आला. ड्यूली खुर्चीवरून घसरला. गार्बर यांना रुमाल लागला. तो डेसमंडच्या खोक्यातूनच निघाला. उजवा हात पूर्ण वेळ एक अवाक्षर बोलला नाही.

खेळ संपल्यावर लेक घामाघूम होऊन आईपाशी आली.

"तो मोठा माणूस चांगला बोलतो," स्तेफानिया म्हणाली. "पाद्र्यासारखा. पण मी सगळीकडे बघत होते. तू कुठे होतीस?"

"उजवा हात, आई. नुसता उजवा हात मी होते."

म्हातारीने लेकीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, जणू बाजारात काही पारखून घेत होती.

"टोपीखालून मान खाजवलीस," ती म्हणाली.

"हो."

"मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती." आईने डोळे मिचकावले, नाक ओढले, आणि आवाजाला पुन्हा धार आणली. "ती उचलून मांडीवर घेतली. का घेतली कुणास ठाऊक. त्याला बसायला जागा नको का?"

मागून ड्यूली ओरडत होता, की हॅल, आता दुकानात आम्हाला गाढव कोण म्हणणार. डेसमंड त्याला म्हणाला, "ये इकडे, बंधू, मी म्हणतो." सगळे पुन्हा हसले. स्तेफानियाने निळ्या कोटाची बटणे लावली, एकेक, सावकाश.

"पुढच्या शनिवारी," ती लेकीला म्हणाली, "मला दोन तिकिटं ठेव."